पायी निघालेला जगप्रवासी : महर्षी धोंडो केशव कर्वे

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर स्वार होऊन जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक, सिरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन अशी मजल दरमजल करीत त्यांपैकी तिघे, आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. साडेचार वर्षांच्या आसपासचा काळ आणि सुमारे ७१,००० किलोमीटरांचे अंतर! व्यायामाने कमावलेली शरीरे, तारुण्याची रग आणि जग पाहण्याची अनावर ओढ, एवढ्या भांडवलावर त्यांनी हा पराक्रम केला. त्याचे कौतुक आजही वाटते.

त्यांच्या परतण्याला जेमतेम एक वर्ष झाले असेल नसेल, तोच त्याच मुंबई इलाख्यातून आणखी एक प्रवासी युरोपच्या वाटेला लागला. हा प्रवासी तरुण नव्हता. सत्तरी पुरी करून एकाहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभा होता. त्याच्याजवळ सायकल नव्हती, रग नव्हती, आणि वक्तृत्वही बेताचेच होते. होती ती एक झोळी, आणि त्या झोळीमागे तेरा वर्षे वयाचे एक विद्यापीठ. तो प्रवासी म्हणजे अण्णासाहेब तथा महर्षी धोंडो केशव कर्वे. आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत, घरापासून दूर येऊन राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांसाठी, या पुरुषाचे चरित्र एका विशिष्ट अंगाने आम्ही सांगू इच्छितो. ते अंग म्हणजे त्यांची चाल.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर मात्र दापोली तालुक्यातील मुरूडचे. समुद्रकाठचे नारळी-पोफळींचे हे गाव दिसायला रमणीय, परंतु कर्व्यांच्या घरची स्थिती ओढगस्तीची होती. वडील केशवपंत चाकरी करून संसार चालवीत. आई लक्ष्मीबाई मानी आणि करारी. कोकणातल्या अशा शेकडो घरांप्रमाणे या घरालाही वर येण्याचा एकच रस्ता ठाऊक होता, तो म्हणजे विद्येचा.

त्या रस्त्याचा पहिला टप्पा अण्णांनी अक्षरशः पायांनी काटला. मराठी शाळेच्या वरच्या इयत्तेची सरकारी परीक्षा देण्यासाठी साताऱ्यास जाणे आले. पावसाळ्याचे दिवस, सोबतीला दोन-चार मुले, पाठीवर बोचकी, आणि मध्ये उभा सह्याद्री. शंभराहून अधिक मैलांची ही वाट या मुलांनी चार दिवसांत तुडविली. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षेच्या अधिकाऱ्यांनी अण्णांचा ठेंगणा, किरकोळ बांधा पाहिला आणि परीक्षेस लागणाऱ्या वयाचा हा मुलगा नव्हे असे ठरवून त्यांना बसूच दिले नाही. ज्या वाटेने आले त्याच वाटेने रिकाम्या हाती परत जाण्याचा प्रसंग आला. पुढे त्यांनी ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्णही झाले. पण चार दिवस चालून गेल्यावर दार बंद असलेले पाहणे आणि तरी चालणे न सोडणे, हा धडा त्यांनी तेथेच घेतला. पुढील आयुष्यात हे दार अनेकदा बंद झाले.

इंग्रजी शिक्षण रखडत झाले. १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. तोवर संसारही मागे लागला होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चौदाव्या वर्षी त्यांचे लग्न आठ वर्षांच्या राधाबाईंशी झाले होते. मुंबईत या शाळेतून त्या शाळेत शिकवण्या करीत त्यांनी गुजराण केली. ती करीत असतानाच, १८८६ साली, त्यांनी एक लहानसे काम आरंभिले. आम्हा दूरदेशी राहणाऱ्यांना ते फार जवळचे वाटावे. पोटासाठी गाव सोडून बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतून ठराविक अंश काढून गावाच्या उपयोगी कामांसाठी द्यावा, अशी योजना करून त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला. गाव सुटले तरी गावाचे ऋण सुटत नाही, ही भावना पुष्कळांच्या मनात असते. तिला वर्गणीचे आणि हिशेबाच्या वहीचे रूप देणारे थोडे.

१८९१ मध्ये राधाबाई निवर्तल्या. पदरी मुलगा रघुनाथ होता. पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी झगडलेले र. धों. कर्वे ते हेच. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्याने ती जागा मोकळी झाली होती.

आता प्रश्न पुनर्विवाहाचा होता. विधुराने कुमारिकेशी लग्न करावे यात समाजाला काही वावगे दिसत नव्हते. विधवेने मात्र जन्मभर तसेच राहावे, असा दंडक होता. अण्णांनी ठरविले की विवाह करावयाचा तो विधवेशीच. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच, लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारा परिवार त्यांना ‘बाया’ म्हणून ओळखू लागला.

पुण्याने हे लग्न कसेबसे पचविले. मुरूडने पचविले नाही. गावाने बहिष्काराचा ठराव केला. ज्या गावासाठी अण्णांनी फंड उभारला, त्याच गावाने त्यांना आपल्या घरात पाय ठेवण्याची चोरी केली. अण्णा घरी येऊन राहिले तर आई-भावंडांनाही वाळीत पडावे लागणार होते. मुलगा दाराशी आला असता त्याला आत घ्यावयाचे की गावात राहावयाचे, अशा कैचीत त्या माउलीला धरण्यात आले. अण्णांनी गावाविरुद्ध आकांडतांडव केले नाही, आणि मुरूड फंडाचे कामही टाकून दिले नाही. ज्याने आपल्याला दूर लोटले त्याचे हित करीत राहणे हे सोपे नव्हे. त्यात स्वतःचा अपमान रोज नव्याने गिळावा लागतो. आमच्या मते अण्णांच्या मोठेपणाचे खरे माप येथे मिळते. पुढे मिळालेल्या पदव्यांत आणि पदकांत ते शोधण्याचे कारण नाही.

एक विवाह करून प्रश्न सुटत नाही हे त्यांनी लवकरच ओळखले. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापिली. परंतु अनुभवाअंती त्यांच्या ध्यानात आले की विधवेला प्रथम हवे आहे ते स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे सामर्थ्य, आणि ते विद्येवाचून येणार नाही. म्हणून १४ जून १८९६ रोजी त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापिली. पुनर्विवाहाच्या चळवळीशी आश्रमाचे नाव जोडले गेले तर कोणी आपली लेक तेथे पाठविणार नाही, हे जाणून त्यांनी दोन्ही कामे कटाक्षाने वेगळी ठेवली. या सावधपणाची किंमत घरातच मोजावी लागली. स्वतः पुनर्विवाहित असलेल्या आनंदीबाईंना आरंभीच्या काळात आश्रमात मोकळेपणाने वावरता येत नसे. नवऱ्याने ज्या स्त्रियांसाठी आयुष्य वेचले त्यांच्या पंक्तीला आपल्याला जागा नसावी, हे शल्य त्यांनी सोसले. महर्षींचा गौरव करताना या बाईंच्या वाट्याला आलेली ओढाताण विसरणे अन्यायाचे होईल. त्यांनी ती आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात मोकळ्या मनाने मांडून ठेविली आहे.

प्लेगच्या वर्षांनंतर, १९०० साली, आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. रावसाहेब गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले. तेव्हाचे हिंगणे म्हणजे ओसाड माळ. नीट रस्ता नाही, दिवा नाही, शेजार नाही. कॉलेजातील तास आटोपले की अण्णा आश्रमाला लागणारे सामान घेऊन निघत आणि सुमारे चार मैलांचा चिखल-काट्यांचा रस्ता तुडवीत हिंगण्यास पोहोचत; तेथे विद्यार्थिनींना शिकवीत आणि पुन्हा पुण्याची वाट धरीत. पावसाळा असो की उन्हाळा, हा क्रम चालू राहिला. कोणी एखाद्या दिवशी चार मैल चालेल. वर्षानुवर्षे चालणे हे व्रतच होय. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांच्यासारख्या कार्यकर्त्या याच माळावर घडल्या. पुढे १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि त्यानंतर निष्काम कर्म मठ अशी भर पडत गेली. मूळची झोपडी पाहिलेल्या माणसाला आजचे कर्वेनगर पाहून ओळख पटणार नाही.

१९१४ साली अण्णांनी फर्ग्युसन कॉलेजची सेवा पुरी केली. वय छप्पन्न. सामान्य माणूस या वयात पेन्शनीचा हिशेब मांडतो. अण्णांच्या हाती या सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली आणि त्यांनी नवे आयुष्य सुरू केले. १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते विद्यापीठ पुण्यास सुरूही केले. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम, आणि स्त्रीच्या जीवनाला उपयोगी पडतील असे विषय, ही त्याची दोन सूत्रे होती. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. विद्यापीठ हा शब्द उच्चारताच लोकांना हसू येई. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ते ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी’ विद्यापीठ झाले. तरीही सरकारी मान्यता नव्हती. पदवीला बाजारात किंमत नव्हती. आणि खर्चाचे तोंड मात्र रोज उघडे.

म्हणून मार्च १९२९ मध्ये अण्णा बोटीवर चढले. या प्रवासाचे हेतू तीन. परदेशातील स्त्रीशिक्षण डोळ्यांनी पाहावे, हिंदुस्थानातील हा प्रयोग जगाला सांगावा, आणि जेथे जेथे आपला माणूस भेटेल तेथे झोळी पसरावी. इंग्लंडमध्ये मॉल्व्हर्न येथे प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेस ते उपस्थित राहिले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी हिंदी स्त्रियांच्या शिक्षणाविषयी भाषण केले. २५ जुलै ते ४ ऑगस्ट या काळात ते जिनीव्हाच्या शिक्षण परिषदेत होते. तेथे त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या हिंदी प्रयोगावर निबंध सादर केला. ती परिषद संपली न संपली तोच ८ ऑगस्टला ते पार उत्तरेस डेन्मार्कमध्ये एल्सिनोरला पोहोचले. शेक्सपिअरने आपल्या हॅम्लेटचा किल्ला वसविला ते हे गाव. तेथे न्यू एज्युकेशन फेलोशिपच्या वतीने देशोदेशींचे शिक्षणवेत्ते जमले होते. त्यांच्या सभा २१ ऑगस्टपर्यंत चालल्या. याच प्रवासात बर्लिन येथे त्यांची आइन्स्टाइनशी भेट झाली. एक गणिताचा निवृत्त प्राध्यापक आणि दुसरा विश्वाचे गणित नव्याने मांडणारा शास्त्रज्ञ!

या प्रवासाचे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. तेव्हा हिंदुस्थान परतंत्र होता. सभेतील श्रोत्यांना या देशाविषयी जे ठाऊक असे त्यात बालविवाह, सती आणि पडदा यांचा भरणा मोठा असे. अशा श्रोत्यांपुढे एक कृश, ठेंगणा वृद्ध उभा राही. आवाज मोठा नाही, भाषेत अलंकार नाहीत. आपल्या समाजातील दोष तो लपवीत नसे, आणि त्या दोषांचे भांडवल करून दयेची भीकही मागत नसे. माळावरची एक झोपडी, तेथे शिकलेल्या विधवा, त्यांतून झालेल्या शिक्षिका आणि परिचारिका, आणि शेवटी विद्यापीठ, हा जमाखर्च तो सरळपणे मांडी. स्वदेशाची लाज आणि स्वदेशाचा अभिमान या दोहोंच्या मधला हा रस्ता चालावयास अवघड आहे. परप्रांतात किंवा परदेशात राहणाऱ्या आम्हा सर्वांना तो कधी ना कधी चालावा लागतो.

युरोपनंतर अमेरिका. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर पैशाची चणचण सुरू झाली. निधी गोळा करण्यास याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. तरी अण्णा या शहरातून त्या शहरात व्याख्याने देत फिरले. तेथून जपान. ज्या महिला विद्यापीठाच्या पुस्तिकेने त्यांच्या मनात बी पेरले होते, ते त्यांनी टोकियोत प्रत्यक्ष पाहिले. एप्रिल १९३० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून ते स्वदेशी परतले.

आणि विसावले का? नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते आफ्रिकेकडे निघाले. त्यांचे पुत्र डॉ. शंकर कर्वे मोंबासा येथे स्थायिक झाले होते. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका असा सुमारे पंधरा महिन्यांचा हा दौरा झाला. युरोपात त्यांनी विद्वानांपुढे निबंध वाचले होते. येथे श्रोते होते ते व्यापार आणि नोकरीसाठी समुद्र ओलांडून आलेले आपलेच लोक. मुरूड फंडाची वही हाती घेऊन मुंबईच्या चाळींतून हिंडणारा तरुण आणि आफ्रिकेतील हिंदी वस्त्यांतून हिंडणारा हा वृद्ध यांत आम्हांला काही अंतर दिसत नाही. घर सोडून गेलेल्या माणसाच्या मनात घराविषयी एक हळवा कोपरा असतो, आणि तो चांगल्या कामासाठी उघडता येतो, हे त्यांनी विशी-तिशीतच हेरले होते.

पुढची तीस वर्षेही कामातच गेली. १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले. १९४४ मध्ये जातिभेद निवारणासाठी समता संघ स्थापिला. तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. १९५० मध्ये आनंदीबाई गेल्या. १९५१ मध्ये महिला विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली. ज्या मान्यतेसाठी पस्तीस वर्षे वाट पाहिली ती आली तेव्हा संस्थापक हयात होता, हे भाग्य फार थोड्यांना लाभते. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हे सन्मान त्यांना प्राप्त झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशेचार वर्षांचे आयुष्य पुरे करून, त्यांनी पुण्यात देह ठेवला.

त्याच १९६२ सालच्या एप्रिलात आमच्या या बंगळूरमध्ये आणखी एका शतायुषी कर्मयोग्याने इहलोकीची यात्रा संपविली होती. ते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. कन्नड मुलुखातला हा मुलगा अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्यास गेला, मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्याने उमेदीची वर्षे घालविली, खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविले, आणि मग म्हैसूर संस्थानचे भाग्य घडविले. विश्वेश्वरय्यांना भारतरत्न १९५५ मध्ये मिळाले, कर्व्यांना तीन वर्षांनी. महाराष्ट्राने एका कर्नाटकपुत्राला विद्या आणि काम दिले. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणसाला आसरा देत आलेल्या या शहराने आमच्यासारख्या अनेकांना तेच दिले. या देवघेवीची जाण ठेवणे हे आमच्या मंडळाचे एक कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

कर्व्यांच्या चरित्रात चमत्कार नाही. त्यांना दैवी वाणी लाभली नव्हती, मोठी इस्टेट नव्हती, राजाश्रय नव्हता. त्यांचे सारे यश पायांत आणि हिशेबाच्या वहीत होते: रोज थोडे चालावे, मिळालेल्या पै-पैची नोंद ठेवावी, नकार मिळाला तर रुसू नये, आणि उद्या पुन्हा दार ठोठवावे. कोणतीही संस्था अशाच रीतीने टिकते. पन्नास वर्षांपूर्वी या शहरात मूठभर मराठी घरांनी आमचे मंडळ सुरू केले, तेव्हा त्यांच्याजवळही वर्गणीचे पुस्तक आणि घरोघर हिंडण्याची तयारी यांखेरीज फारसे काही नव्हते.

आज आमची मुले कामानिमित्त युरोप-अमेरिकेस सहज जातात. ज्या अंतराला अण्णांना आठवडे लागले ते एका रात्रीत कापतात. अंतर कापले म्हणजे प्रवास झाला असे नव्हे. कोठे गेलो यापेक्षा कोणासाठी गेलो, आणि परतताना झोळीत कोणाच्या वाट्याचे काय आणले, हा प्रश्न आपल्या मुलांनी स्वतःला विचारावा, आणि तो आपणही त्यांच्यापुढे जगून दाखवावा. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी मंडळाच्या वर्गणीची वही पुन्हा घरोघर जाईल. ती हाती पडेल तेव्हा मुरूडच्या त्या जुन्या फंडाची आठवण आमच्या वाचकांनी ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.